‘बंद’ म्हणजे किती बंद?

बडोद्याला पाणीगेटला माझ्या आत्याचे घर आहे. जुन्या बडोदे शहराला चार वेशी. त्यांतली पूर्वेकडची ही पाणीगेट. मांडवीपासून नाकासमोर पूर्वेला चालत गेले की ती लागते. त्या भागातली जुनी घरे तोंडाला अरुंद आणि आत खोलच खोल. आत्याचे घर त्यांतलेच. दारातून आत शिरले की लांबट बोळ, बोळाच्या टोकाला जिना, जिन्याखाली पाण्याचे टाके. आणि भर दुपारीही दिवा लावल्यावाचून पायरी दिसू नये असा अंधार. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे होते, आणि त्या बोळात जे घडले त्यामुळेच हा लेख लिहीत आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीने विजेच्या तारांत बोटे घालू नयेत हे मला मान्य आहे. परंतु माझ्या काकांनी घातली, आणि स्टूल धरून मी उभी होते.

बोळातल्या दिव्याचा होल्डर सैल झाला होता. काकांनी (म्हणजे आत्याच्या यजमानांनी) नवा होल्डर आणला. भिंतीवरचे बटण वर केले, दिवा विझला. तो विझलेला दोघांनीही पाहिला. मग काका स्टुलावर चढले. मी एका हाताने स्टूल आणि दुसऱ्या हाताने बॅटरी धरली होती. त्यांनी जुना होल्डर सोडवला, तारांची टोके मोकळी केली, आणि एकाएकी त्यांचा हात असा झटकला गेला की कोपर भिंतीवर आपटले. ते कसेबसे खाली उतरले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. पायाखाली कोरडे लाकडी स्टूल होते आणि दुसरा हात कशाला टेकलेला नव्हता, एवढ्यावर निभावले. मी बॅटरी बटणावर मारली. बटण वरच होते. म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे बंद!

घड्याळात सात वाजले होते. उलगडा तिथेच होता. महिन्याभरापूर्वी माझ्या आतेभावाने, दादाने, घरात तीन ठिकाणी ‘स्मार्ट रिले’ बसवून घेतले होते. एक बोळातल्या दिव्याला, एक टाक्यातले पाणी वर चढवणाऱ्या मोटारीला आणि एक गिझरला. काडेपेटीएवढी ही डबी बटणाच्या मागे, बोर्डाच्या आत बसते आणि घरातल्या वाय-फायवरून फोनची आज्ञा घेते. बोळातला दिवा रोज सायंकाळी सातला लागावा अशी आज्ञा दादाने देऊन ठेवली होती. रिलेने ती पाळली. वर दिवा नाही, काकांचा हात आहे, हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

त्या रात्री जेवणे होईपर्यंत वाद चालला. दादा म्हणाला, “बाबा, मेन बंद करायला हवे होते.” काका म्हणाले, “चाळीस वर्षे बटण बंद करून दिवे बदलले, कधी काही झाले नाही.” खरे तर दादाचे म्हणणे चाळीस वर्षांपूर्वीही खरे होते. बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले असले, तर ते बंद करूनही होल्डरमध्ये वीज उभीच असते. जुन्या घरांत अशी जोडणी सापडते. तथापि काकांची बाजू मला एकदम टाकून द्यावीशी वाटत नाही. त्यांची सवय ज्या वस्तूवर बेतलेली होती ती वस्तूच त्यांच्या नकळत बदलली गेली, आणि बदलूनही तिचे रूप होते तसेच राहिले.

‘बंद’ हा शब्द किती जणांचा आहे पाहा. आम्ही मराठीत ‘बंद कर’ म्हणतो. आत्याच्या शेजारणी गुजरातीत ‘बंध कर’ म्हणतात. आणि इकडे आमच्या गल्लीत कन्नडमध्ये ‘बंद माडु’. तिन्ही भाषांत हा शब्द दाराला, दुकानाला नि दिव्याला एकच चालतो, आणि तिन्हीत त्याचा अर्थ एकच: मी माझ्या हाताने ते मिटले, आता मी उघडेपर्यंत ते मिटलेलेच राहील. साधे बटण हा शब्द पाळत असे. त्याच्या आत पितळेची पट्टी असते, ती बोटाबरोबर हलते. बटण वर म्हणजे पट्टी सुटलेली, खाली म्हणजे जुळलेली. बोटाला जे कळते तेच तारेला कळते.

रिले बसला की या दोहोंची फारकत होते. भिंतीवरचे बटण आता वीज तोडत नाही; ते फक्त रिलेला खूण करते. वर केले काय, खाली केले काय, प्रत्येक खटक्याला रिले आपली स्थिती पालटतो, आणि मधल्या काळात फोनवरून कुणी पालटली असेल तर बटणाच्या वर-खालीला काहीच अर्थ उरत नाही. शिवाय रिले सुटलेला असतानाही त्याच्या दोन टोकांत अंतर असते ते एखाद्या मिलिमीटरचे किंवा त्याहूनही कमी. चांगल्या साध्या बटणात ते तीनेक मिलिमीटर असते. दिवा विझवायला रिलेचे अंतर पुरे आहे. तारेला हात लावायला नाही.

आम्हां वाणिज्यवाल्यांना हे एका उदाहरणाने चटकन समजते. खतावणीत माल शिल्लक दाखवलेला असतो आणि गोदामात माल असतो. या दोन गोष्टी एकच आहेत असे हिशेबतपासनीस कधीही गृहीत धरत नाही, तो गोदामात जाऊन पोती मोजतो. फोनवर दिसणारे ‘बंद’ ही खतावणीतली नोंद आहे. भिंतीवरचे बटणही आता खतावणीच झाले. गोदाम म्हणजे मेनपेटीतला एम.सी.बी. खाली पाडणे आणि मग तारेला टेस्टर लावून पाहणे. टेस्टरही आधी दुसऱ्या एखाद्या चालू पिनवर लावून, तो पेटतो की नाही हे पाहून घ्यावा. बिघडलेला टेस्टर बिनचूकपणे ‘वीज नाही’ असेच सांगतो. (आणखी एक गंमत: आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू, पण एम.सी.बी. खाली म्हणजे बंद. हे कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे!)

यावरून मी रिलेच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. आत्याचे गुडघे दुखतात. मोटार चालू करायला तिला जिन्याखाली वाकून जावे लागे, आणि टाकी भरली की पुन्हा धावत यावे लागे. आता ती ओट्याशी उभी राहून हे काम करते. रात्री जिन्यात आपोआप उजेड असतो. या सुखाची किंमत ज्याला समजत नाही त्याने असल्या घरात म्हातारपण काढून पाहावे. माझी तक्रार वस्तूविषयी नाही, ती ज्या रीतीने भिंतीत शिरते त्या रीतीविषयी आहे.

काकांना शॉक बसल्यावर दुसऱ्या दिवशी एका परवानाधारक वायरमनला बोलावले. त्याने तिन्ही बोर्ड उघडले आणि अर्धा तास नुसता पाहत राहिला. मग त्याने विचारले, “हा न्यूट्रल कुठला?”

या प्रश्नाचे मर्म असे. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची तार थेट दिव्याकडे जाते. बटणाच्या पेटीत फक्त दोन टोके उतरतात: येणारी फेज, आणि बटणातून परत दिव्याकडे जाणारी. साध्या बटणाला एवढे पुरते. रिलेला मात्र स्वतःच्या पोटापुरती वीज दिवसरात्र हवी. तो झोपला तर फोनचे ऐकणार कोण? म्हणून त्याला फेज नि न्यूट्रल दोन्ही लागतात. न्यूट्रल पेटीत नसेल तर सरळ मार्ग तीनच. एक तर नवी न्यूट्रल तार ओढून आणावी. किंवा रिले बटणामागे न बसवता वर छताशी, जिथे न्यूट्रल असतो तिथल्या जोडपेटीत बसवावा. किंवा न्यूट्रलवाचून चालणारा प्रकार घ्यावा; तो दिव्यातूनच थोडीशी वीज सतत ओढत राहतो, त्यामुळे छोटा एल.ई.डी. दिवा ‘बंद’ असतानाही मिणमिणतो आणि दिव्याची तार कधीच पुरी मृत नसते.

आत्याच्या घरी चौथा मार्ग काढला होता. भिंतीपलीकडच्या खोलीतल्या पिनमधून न्यूट्रल उसना आणला होता. त्या खोलीचे सर्किट वेगळे, तिचा एम.सी.बी. वेगळा. म्हणजे उद्या कुणी त्या खोलीचा एम.सी.बी. पाडून निर्धास्तपणे तिथली न्यूट्रल तार सोडवली, तर बोळाच्या सर्किटातली वीज त्याच्या हातात येणार. दिव्याचा अपघात एका जागी झाला, पण दुसऱ्या अपघाताची तयारी शेजारच्या खोलीत करून ठेवलेली होती!

याहून वाईट युक्ती म्हणजे अर्थिंगची हिरवी तार न्यूट्रल म्हणून जोडणे. रिले त्यावरही चालतो, म्हणूनच ती घातक. अर्थिंग हा घराचा राखीव रस्ता आहे. फ्रीजच्या वा धुण्याच्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीकडे न्यायला. त्यावर रोजची वाहतूक सोडली, आणि कुठे तरी अर्थिंगचे टोक सैल झाले, की त्या तारेला बांधलेला प्रत्येक पत्रा रिलेमधून फेजला जोडला जातो. घरात ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. असेल तर अशा जोडण्यांची बेरीज होऊन तो वारंवार पडू लागतो. मग कुणी तरी शहाणा म्हणतो, हा आर.सी.सी.बी.च खराब आहे, काढून टाका. चोर ओरडणाऱ्या कुत्र्यालाच हाकलून देण्यातला हा प्रकार.

गिझरचे प्रकरण निराळे होते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर ओढतो. ३००० वॅटचा १३. रिलेच्या डबीवर मोठ्या अक्षरांत १० किंवा १६ अँपियर असे असते. हा आकडा गिझर, इस्त्री अशा नुसत्या तापणाऱ्या वस्तूंपुरता असतो, आणि तोही थंड, मोकळ्या हवेत. आम्ही पाहिलेल्या पत्रकात सभोवतालची उष्णता जास्तीत जास्त ४० अंश असे लिहिले होते. बडोद्याची मे महिन्यातली दुपार चाळिशीच्या वर असते, आणि इथे तर ही डबी बोर्डाच्या मागे तारांच्या जुडग्यात कोंबलेली! दादाच्या दहा अँपियरच्या रिलेवर ८.७ अँपियरचा गिझर होता. कागदावर बसतो. वायरमनने डबी बाहेर काढली तेव्हा तिची एक कड पिवळी पडून वाकली होती.

मोटारीचे तर गणितच वेगळे. चालू झाल्यावर ती पाच-सहा अँपियर घेईल, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. त्या एका झटक्यात रिलेची आतली टोके ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटू शकतात. मग फोनवर ‘बंद’ दाबले, तिथे ‘बंद’ दिसलेही, तरी मोटार चालूच. पुन्हा खतावणी आणि गोदाम! मोटारीसाठी कॉन्टॅक्टर लावावा. तो जड ओझे पेलतो आणि रिले फक्त त्याला उठ-बस सांगतो. शिवाय रिलेच्या मागे त्याच्या क्षमतेएवढाच एम.सी.बी. हवा. ३२ अँपियरचा एम.सी.बी. दहाच्या रिलेचे रक्षण करत नाही, त्याच्या दहनाला साक्षीदार राहतो.

लाईट जाऊन परत आली की रिलेने काय करावे हेही आधी ठरवून द्यावे लागते. कुणाचा रिले पूर्वी होता तसा राहतो, कुणाचा आपोआप चालू होतो. इस्त्रीवर असला रिले असेल आणि घरात कुणी नसेल, तर पुढचे सांगायला नको. आणि जे म्हणतात की यामुळे वीज वाचते, त्यांच्यासाठी एक छोटा हिशेब: एक रिले जागा राहण्यासाठी एक वॅट घेतो असे धरले तरी दहा रिले वर्षभरात ८७.६ युनिट खातात. विसरलेले दिवे बंद करून तेवढे आधी वाचवावे लागेल, मग फायदा.

आता प्रश्न येतो हे काम कुणी करावे याचा. आपल्याकडे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम असा होता, की घरातले विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, पात्र माणसाच्या देखरेखीखालीच करावे. अपवाद फक्त दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची अशी बदली, जिच्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप मुळीच बदलत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत हीच अट आली, आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही ती आहे. दादाचे म्हणणे होते, “मी बटणच तर बदलले.” मला वाटते सगळ्या वादाची नाडी इथे आहे. बटणाच्या जागी बटण बसवले तर स्वरूप बदलत नाही, कबूल. पण ज्या तारेवर फक्त घरातल्या माणसाचे बोट चालत होते, तिच्यावर आता मकरपुऱ्याच्या कारखान्यात बसलेल्या मुलाचा फोन चालतो आणि सातच्या ठोक्याला कुणीही न सांगता वीज येते. हे स्वरूप बदलणे नव्हे तर काय? कायद्याचे पंडित काय म्हणतील ते म्हणोत, घरापुरता तरी आपण याला ‘बदली’ न म्हणता ‘नवे काम’ म्हणावे, आणि नव्या कामाला लागतो तसा माणूस बोलवावा.

बडोदेकरांनी विजेविषयी बेफिकीर असावे याचे मला नवल वाटते. १९६० साली स्थापन झालेल्या गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय याच शहरात होते. विद्युत उपकरणांची तपासणी करणारी ‘इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन’ ही संस्था १९७४ पासून इथेच आहे. २०२४ च्या मे महिन्यात इथे घरोघरी स्मार्ट मीटर बसू लागले तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला. बिल वाढेल अशी भीती होती. मीटरमध्ये काय आहे हे विचारायला माणसे रस्त्यावर आली. परंतु स्वतःच्या पैशाने विकत घेऊन स्वतःच्या भिंतीत कोंबलेल्या डबीत काय आहे, हे एकालाही विचारावेसे वाटत नाही. बटण घेताना आपण त्यावर आय.एस.आय.ची खूण शोधतो. टपालाने आलेल्या रिलेवर कोणती खूण आहे हे दादाने पाहिले नव्हते. मी पाहिले, तेव्हा तिथे कंपनीचे नाव आणि एक चौकोनी नक्षी होती.

आणि पत्रक? ते रुपयाच्या नाण्याने झाकले जावे एवढ्या बारीक अक्षरांत, इंग्रजीत नि चिनी भाषेत. जिथे तारा जोडायच्या तिथे नुसती अक्षरे: एल, एन, ओ, एस-वन, एस-टू. त्यात एक वाक्य फार महत्त्वाचे होते. ते असे, की बटणाकडून येणाऱ्या बारीक तारांनाही पूर्ण २३० व्होल्टची समजून वागवावे, कारण डबीच्या आतला नाजूक भाग मुख्य विजेपासून वेगळा केलेला नसतो. पहिल्या वायरमनने तिथे दारावरच्या घंटीची पातळ तार वापरली होती. मी त्याला दोष देणार नाही. तो हाताने शिकलेला माणूस. गुजराती वाचतो, हिंदी वाचतो, मराठी बोलतो. जे वाक्य त्याच्यासाठी लिहिले होते ते त्याला वाचताच येत नव्हते.

याच शहरात तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. यंत्रविद्या देशी भाषेतून शिकवता येते, कारागिराला ती त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर त्याच शहरातल्या एका बोळात, एका पत्रकाची भाषा न कळल्यामुळे घंटीची तार २३० व्होल्टवर लागते, याचे मला वाईट वाटले. मी मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी पत्रक वाचताना मीही दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा शब्दकोश काढला. पण मला शब्दकोश काढायला वेळ होता. स्टुलावर उभ्या माणसाला नसतो.

तेव्हा सुट्टीचे शेवटचे चार दिवस मी एकच उद्योग केला. पत्रकातले कामाचे तेवढे मराठीत उतरवले: कोणत्या खुणेला कोणती तार, किती अँपियर, कोणत्या जागी बसवू नये. दादाने त्याचे गुजराती केले. दोन्ही कागद मेनपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. परत आल्यावर मी कन्नडमध्येही उतरवले, कारण आमच्या घरी येणारा वायरमन घरात कन्नड बोलतो; संपादकांनी मनावर घेतले तर ते याच अंकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात छापता येईल.

आत्याच्या घरी आता गिझरला साधे बटण परत आले आहे. मोटारीला कॉन्टॅक्टर बसला. बोळातल्या रिलेसाठी छताकडून केसिंगमधून स्वतंत्र न्यूट्रल आणला, आणि मेनपेटीत आर.सी.सी.बी. बसवला. या सगळ्याला तिन्ही रिलेंच्या मिळून किमतीहून जास्त खर्च आला. दादा दोन दिवस गप्प होता, काका मात्र खुशीत होते.

होल्डर अर्धवटच राहिला होता, तो मी निघायच्या आदल्या दिवशी बदलला. काकांनी एम.सी.बी. खाली पाडला, त्यावर चिकटपट्टी लावली, टेस्टर आधी चालू पिनवर पाहिला, मग तारेवर. दादाने फोन पुढे केला. त्यावर ‘बंद’ असे दिसतच नव्हते. रिलेचीच वीज गेल्यामुळे तो ‘संपर्क नाही’ असे दाखवत होता. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि मला स्टूल धरायला सांगितले.